वाकलेली रेघ



संयोजकांनी मला बोलायला सांगताना दोन अटी घातल्यात. पहिली, वेळ पाळायची. दुसरी, "तू पुण्यात नेमकं काय करतेस ते आम्हाला कळेल असं सांग." दुसरी अट अवघड आहे. माझ्या आईला हा प्रश्न वीस वर्षं पडलेला आहे. ती सगळ्यांना "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगते, जसं काही मी त्याच्या आत बसलेली असते. म्हणून सगळं सांगत नाही, एकच काम सांगते. त्या कामामुळे मला याच शाळेतली एक गोष्ट आठवली. ती तीस वर्षांपूर्वीच सांगायला हवी होती, तीही आज सांगून टाकते.

मी मोजमापाच्या यंत्रांसाठी प्रोग्राम लिहिते. यंत्र आकडे देतं, प्रोग्राम ते गोळा करतो, लावून ठेवतो, आलेख काढतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे परदेशातल्या एका प्रयोगशाळेचं काम आलं. ते लोक एका रेणूतून किती वीज वाहते ते मोजतात. चमचाभर पदार्थातून नाही, कणभर पदार्थातूनही नाही. एका रेणूतून. मी इंजिनिअर झाले ती सॉफ्टवेअरची, पदार्थविज्ञान माझं बारावीतच मागे राहिलेलं. त्यामुळे हे सगळं मी चाळिशीत नव्याने शिकले. सर, तुम्ही समोर बसलात, चुकले तर तिथल्या तिथे थांबवा. जुनी सवय आहे मला.

आधी आकाराचा अंदाज घेऊ. बेंझीनचा रेणू आपण फळ्यावर काढायचो, सहा कोनांचा. त्याच्या दोन टोकांना सोन्याला चिकटणारे अणू जोडले तरी त्याची लांबी एक नॅनोमीटरसुद्धा भरत नाही. डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत असे ऐंशी हजार तरी रेणू ओळीने बसतील. त्याला वायर जोडायची कशी? चिमटा कुठला आणायचा?

ही युक्ती मला इतकी आवडली की मी ती घरी स्वयंपाकघरात सांगितली. लाडवाचा पाक झाला की नाही हे आपण कसं बघतो? थेंब दोन बोटांत धरायचा आणि बोटं हळूहळू लांब करायची. मध्ये तार धरते, बारीक होत जाते आणि तुटते. इथे पाकाच्या जागी सोनं. सोन्याचं एक टोकदार सुईसारखं अग्र सोन्याच्याच पत्र्यावर टेकवायचं आणि अगदी सावकाश वर उचलायचं. मधली मान बारीक होत होत शेवटी एका अणूची उरते आणि तुटते. भोवती आपल्याला हवे ते रेणू असलेला द्रव आहे. तुटलेल्या फटीत एखादा रेणू नेमका अडकतो, एक हात वरच्या सोन्याला, दुसरा खालच्या. इकडे पुणे जिल्हा, तिकडे सातारा, आणि मध्ये आपला नीरेवरचा पूल. तो पूल क्षणभर टिकतो. तेवढ्यात धारा मोजून घ्यायची.

सुई इतकी अचूक हलवणारं यंत्र म्हणजे स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप. झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत गेर्ड बिनिग आणि हाइनरिख रोहरर यांनी ते १९८१ मध्ये बनवलं आणि १९८६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हे सगळं परदेशातच घडतं असं वाटू नये म्हणून सांगते, आपल्या पुणे विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात सी. व्ही. धर्माधिकारी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी असं यंत्र आपल्या हातांनी उभं करून त्यावर काम केलं. मी इंजिनिअरिंगला रोज पीएमटीने विद्यापीठाच्या गेटावरून जायचे. आत हे चाललंय याचा मला पत्ता नव्हता.

आता आपल्या नववीच्या पुस्तकाकडे येऊ. ओहमचा नियम. तारेच्या टोकांमधलं विभवांतर दुप्पट करा, धारा दुप्पट. तार दुप्पट लांब करा, रोध दुप्पट. आलेख काढला की सरळ रेघ. एका रेणूपाशी आलं की यातलं जवळजवळ काहीच तसं राहत नाही.

तारेत इलेक्ट्रॉन जत्रेतल्या माणसासारखा जातो, धक्के खात, अडखळत. जितकं लांब जायचं तितके धक्के जास्त, म्हणून लांबीबरोबर रोध वाढतो. पण रेणू इतका आखूड असतो की इलेक्ट्रॉनला धक्का खायला सवडच मिळत नाही. तो एखाद्या लाटेसारखा या टोकाला येतो, त्यातला काही भाग पलीकडे पोचतो, उरलेला परत फिरतो. पलीकडे पोचण्याची शक्यता किती, एवढाच प्रश्न. वीजवहन म्हणजे पार जाण्याची शक्यता, असं मांडण्याचा पाया रॉल्फ लँडाउअर या शास्त्रज्ञाने १९५७ मध्ये घातला, तेव्हा एका रेणूला हात लावणं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

समजा रस्ता पूर्ण मोकळा आहे, एकही इलेक्ट्रॉन परत फिरत नाही. मग रोध शून्य व्हायला हवा ना? होत नाही. एका पदरी वाटेला कमीत कमी १२,९०६ ओहम रोध पडतोच. आपण सगळे पुणे-सातारा रस्त्याने आलोय, त्यामुळे हे समजायला सोपं जाईल. टोलनाक्यावर सगळ्या गाड्यांना एकाच लेनमधून सोडलं, तर पुढचा रस्ता कितीही गुळगुळीत असो, मिनिटाला ठरावीक गाड्याच जाणार. खोळंबा रस्त्यात नाही, रुंद रस्त्यातून अरुंद वाटेत शिरण्यात आहे. आणि गंमत ही की १२,९०६ हा आकडा सोन्याचा नाही, तांब्याचा नाही, कुठल्याच धातूचा नाही. तो इलेक्ट्रॉनचा विद्युतभार आणि प्लँकचा स्थिरांक या दोनच गोष्टींतून येतो. सोन्याची मान एका अणूची उरली की यंत्रावर साधारण हाच आकडा दिसतो. मी तो पहिल्यांदा आमच्या स्क्रीनवर पाहिला तेव्हा उठून चहा प्यायला गेले. आपण लिहिलेल्या प्रोग्रामातून असलं काही बाहेर येईल असं वाटलं नव्हतं.

रेणू मध्ये आला की रोध आणखी वाढतो. नुसत्या कार्बनच्या साखळीचा रेणू घेतला तर एकेक कार्बन वाढवला की धारा दरवेळी अडीच-तीन पटींनी घटते. चार कार्बन वाढवले की पन्नास पटींच्या आसपास. लांबी दुप्पट तर रोध दुप्पट, हे विसरा. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात लता वेंकटरामन यांच्या गटाने २००६ मध्ये त्याहून सुंदर गोष्ट दाखवली. बेंझीनची दोन कडी एकमेकांना जोडलेली. दोन्ही एका पातळीत असली, ताटाला ताट लावल्यासारखी, तर वीज चांगली वाहते. एक कडं पिळून उभं करत नेलं तर वीज कमी कमी होते. साठ अंश पिळलं तर पाव. रेणू तोच, अणू तितकेच, लांबीही बदलली नाही, फक्त पीळ. आपल्या वायरीला पीळ दिला म्हणून पंखा हळू फिरतो का?

पण हे सगळं कळलं कसं, ते मला खरं सांगायचंय. एकदा मोजून नाही कळलं.

एका रेणूचा डायोड करता येईल हे एरी अॅविराम आणि मार्क रॅटनर यांनी १९७४ मध्ये कागदावर मांडलं होतं. बेंझीनच्या रेणूतून प्रत्यक्ष धारा मोजल्याचा निबंध मार्क रीड, जेम्स टूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. रोध निघाला काही कोटी ओहमच्या घरात. पुढे ज्यांनी गणिताने हिशेब केला त्यांच्या उत्तरात आणि प्रयोगात शंभर पटींहून जास्त फरक. नंतर दुसऱ्या प्रयोगशाळेने त्याच रेणूचं मोजमाप वेगळ्या पद्धतीने केलं तर रोध दहा-वीस लाखांवर आला. रेणू एक, उत्तरं तीन. मग खरं कुणाचं?

यातून वाट काढली ती २००३ मध्ये बिंगछियान शू आणि नोंगजियान ताओ यांनी अमेरिकेतल्या अॅरिझोनामध्ये. त्यांनी पाकाची तार एकदा नाही, हजारो वेळा ओढली. दरवेळी रेणू वेगळ्या जागी अडकतो, कधी तिरपा, कधी दोन एकदम, कधी एकही नाही. म्हणून दरवेळी आकडा वेगळा. कुठलाच एक आकडा खरा मानायचा नाही. सगळे आकडे एकावर एक रचायचे, आणि ढीग कुठे उंच होतो ते बघायचं. तो उंचवटा म्हणजे उत्तर. आणि ढिगाचा पसारासुद्धा उत्तराचाच भाग.

तो ढीग रचणारा प्रोग्राम मी लिहिला. त्या प्रयोगशाळेने एक साधी मागणी केली होती. ज्या ओढींमध्ये रेणू अडकलाच नाही, त्या आपोआप वगळा. मागणीत गैर काही नव्हतं, अर्ध्याअधिक ओढी रिकाम्याच जातात. मी चाळणी लिहिली. आधी पसरट दिसणारा ढीग अचानक रेखीव झाला, मधोमध टेकडीसारखा उंचवटा. मग मी चाळणी थोडी आणखी बारीक केली, अपेक्षेसारखी न दिसणारी प्रत्येक ओढ बाहेर. टेकडीचा सुळका झाला. इतका देखणा आलेख मी कधी काढला नव्हता. संध्याकाळचे आठ वाजले होते, ऑफिसात फक्त हाउसकीपिंगच्या मावशी होत्या. आणि त्या आलेखाकडे बघताना मला आपली विज्ञानाची प्रयोगवही आठवली.

ते सांगण्याआधी एका माणसाची हकीकत सांगते, कारण ती याच विषयातली आहे. यान हेंड्रिक शॉन हा तरुण जर्मन शास्त्रज्ञ अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये होता. २००१ मध्ये त्याने जाहीर केलं की रेणूंच्या एका थराचा, अगदी एकेका रेणूचासुद्धा ट्रान्झिस्टर त्याने बनवला. जगभर वाहवा झाली, नोबेलची भाषा सुरू झाली. ठिकठिकाणचे विद्यार्थी तोच प्रयोग करायला बसले आणि कुणालाच तो जमेना. जमेना म्हणजे आपल्यातच काहीतरी कमी आहे असं त्यांना वाटत राहिलं. काहींची पीएच.डी.ची वर्षं त्यात गेली. २००२ मध्ये प्रिन्स्टनच्या लिडिया सोन आणि कॉर्नेलचे पॉल मॅक्युएन यांनी त्याचे आलेख शेजारी शेजारी ठेवले. वेगवेगळ्या उपकरणांवरचे वेगवेगळे प्रयोग, पण रेघेवरची बारीक थरथर तंतोतंत एकच! मोजताना जी थरथर येते ती दरवेळी वेगळीच असायला हवी. यंत्राचा गोंगाट कधी स्वतःची नक्कल करत नाही. चौकशी समितीने मूळ आकडे मागितले तर तो म्हणाला, कॉम्प्युटरमध्ये जागा नव्हती म्हणून फाइली पुसल्या. माझ्या धंद्यातल्या माणसाला यावर हसू येतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अहवाल आला, चोवीसपैकी सोळा प्रकरणांत गैरप्रकार सिद्ध झाला आणि त्याची नोकरी गेली.

मी त्याची हकीकत वाचताना त्याला नावं ठेवत होते. आता माझं ऐका.

नववीत ओहमच्या नियमाचा प्रयोग होता. जोड्या पाडल्या होत्या. रोधाची वेटोळी होती चार-पाच, आणि जोड्या त्याहून जास्त. माझी जोडीदारीण आणि मी शेवटच्या टेबलावर, आमच्या वाट्याला वेटोळं आलंच नाही. तिने दुसऱ्या दिवशी घरच्या बॅटरीतला बल्ब काढून आणला आणि म्हणाली, यातूनपण वीजच जाते ना? (तिचं नाव मी घेणार नाही. ती तिसऱ्या रांगेत बसलीय आणि सकाळीच तिने मला दम दिलाय.) अॅमीटरचा काटा थरथरायचा. तो स्थिर होईपर्यंत ती श्वास रोखून थांबायची, मग आकडा लिहायची. सहा आकडे तिने घेतले. मी शेजारच्या टेबलावर गप्पा मारत होते.

आलेख काढला तर रेघ वाकलेली. विभवांतर वाढवत गेलं तरी धारा त्या मानाने वाढतच नव्हती, रेघ वर जाता जाता आडवी होत होती. तिने परत मोजलं. परत तशीच. वही दुसऱ्या दिवशी द्यायची होती. मी म्हटलं, अगं, नियम सरळ रेघ सांगतो, तुझं काहीतरी चुकतंय, आण इकडे. खोडरबर घेऊन मी तिचे सहाही आकडे पुसले, एक सोपा गुणाकार केला आणि सहा नवे आकडे लिहिले. मध्येमध्ये एखादा आकडा मुद्दाम किंचित चुकवला, म्हणजे खरा वाटावा. सर, त्या दिवशी तुमच्यापुढे चाळीस वह्या होत्या, दोघींच्या वहीत सरळ रेघ होती, तुम्ही सही केलीत. कुणीही केली असती.

ती तेव्हा काहीच बोलली नाही. या वर्षी मेळाव्याच्या निमित्ताने फोनवर बोलताना सहज म्हणाली, "मला तेव्हापासून वाटायचं, माझ्या हाताला प्रयोग येत नाही." दहावीनंतर तिने सायन्स घेतलं नाही. माझ्यामुळे घेतलं नाही असं मी म्हणत नाही, घरची कारणं वेगळी होती आणि ती मला माहीत आहेत. पण ते वाक्य मी दिलेलं होतं. आणि ते खोटं होतं.

कारण तिची रेघ बरोबर होती. ओहमचा नियम आपण घोकायचो, त्याची सुरुवात आठवा. वाहकाची भौतिक अवस्था कायम असेल तर. त्यापुढचं सगळं आपण तोंडपाठ म्हटलं आणि हा पहिला तुकडा कधी वाचलाच नाही. बल्बची तार पेटते म्हणजे ती दोन हजार अंशांच्या आसपास तापते. अवस्था कायम कुठे राहिली? गेल्या महिन्यात मी तसाच बल्ब आणून घरी मोजला. थंड असताना रोध सव्वा ओहम. पूर्ण पेटल्यावर आठच्या वर. रेघ वाकायलाच हवी. सरळ आली असती तर चूक.

रेणूची रेघही वाकते, फक्त उलट्या बाजूला. थोड्या विभवांतरापर्यंत सरळ आणि नंतर एकदम वर, कारण विभवांतर पुरेसं वाढलं की रेणूतली एखादी ऊर्जापातळी इलेक्ट्रॉनच्या वाटेवर येते आणि दार उघडतं. या विषयात काम करणारे लोक त्या वाकण्याकडेच बघत बसतात. सरळ भागात त्यांना फारसा रस नसतो.

मग त्या प्रोग्रामचं काय केलं? सुळका मी पुसला. चाळणी ठेवली, पण एकही ओढ फेकायची नाही असं केलं. वगळलेल्या सगळ्या वेगळ्या कप्प्यात राहतात, आणि प्रत्येक आलेखाखाली आपोआप छापलं जातं, एकूण ओढी किती, वगळल्या किती, कुठल्या नियमाने. आलेख जरा कमी देखणा दिसतो. त्या प्रयोगशाळेने एका ओळीत "ठीक आहे" कळवलं. एवढंच. त्यांना काय माहीत, मी कुठल्या खोडरबराचा हिशेब चुकता करत होते ते.

माझी मैत्रीण आता गावातल्या दूध संकलन केंद्रावर फॅट मोजते. सकाळ-संध्याकाळ कॅन येतात, यंत्रात नमुना लावायचा, आकडा लिहायचा, त्यावर दर ठरतो. मी काल तिथे तासभर उभी होते. एक आजोबा भांडत आले, म्हशीचं दूध आहे आणि फॅट एवढी कमी कशी. तिने वाद घातला नाही. कॅन ढवळून घेतला, यंत्र धुतलं, दुसरा नमुना लावला. मग तिसरा. तिन्ही आकडे त्यांना दाखवले आणि तिन्ही वहीत लिहिले. आधीचा खोडला नाही. मी विचारलं, हे कुणी शिकवलं? ती म्हणाली, शिकवायचं काय त्यात, जे आलं ते लिहायचं.

माझ्या पिशवीत आत्ता अडीच व्होल्टचा बल्ब आहे, तीन सेल, दोन मल्टिमीटर आणि शंभर पानी वही. जेवणानंतर विज्ञानाच्या खोलीची किल्ली देतो असं मुख्याध्यापकांनी कबूल केलंय. सर, तुम्हीही या, सही लागेल. आकडे ती घेणार आहे. तिची एकच अट आहे, की मी वहीला हात लावायचा नाही, आणि ती मी मान्य केलीय.